कमरेइतक्या पाण्यातला जंत

या प्रवासापर्यंत कोणालाच, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. खोल समुद्रातल्या माशाच्या आतड्यात मी जो नवा जंत शोधला, ज्याच्यामुळे माझं नाव झालं, तो जंत खोल समुद्रात राहत नाही. तिथं तो कधीच नव्हता. तो भंडारा जिल्ह्यातल्या तलावांमधल्या मरळ माशाच्या पोटात राहतो, आणि हे मला बरीच वर्षं ठाऊक आहे.

भंडारा जिल्ह्यात मुद्दाम प्रवासाला कोणी जात नाही. नवेगावचं जंगल बघायला जाणारे साकोलीवरून पुढं निघून जातात. मी गेलो तो या जंतासाठी, आणि वैशालीसाठी. त्यामुळे हे वर्णन थोडं वाकडंतिकडं होणार आहे. चालवून घ्यावं.

माझा धंदा वाचकांना विचित्र वाटेल. मासे कापायचे, आतडी उघडायची, आत राहणारे जंत वेचायचे, ते कोणत्या जातीचे हे ठरवायचं. जात आधी कोणी नोंदवलेली नसली तर तिला नाव द्यायचं. मी शिकलो नागपुरात. तेव्हा साकोलीच्या बाजारातून मरळ आणायचो आणि तिच्या पोटातले जंत दारूच्या बाटल्यांत ठेवायचो. दारू म्हणजे शुद्ध अल्कोहोल, प्यायची नव्हे. प्रयोगशाळेत बाटल्यांचा कायम दुष्काळ, म्हणून त्याच त्या धुऊन वापरायच्या. पुढं किनाऱ्यावर नोकरी लागली तेव्हा ते बाटल्यांचं खोकं मी सोबत नेलं. गरिबीतली सवय, दुसरं काय.

मग बंगालच्या उपसागरात जहाजावर जायची संधी आली. खोल पाण्यात जाळं ओढायचं आणि वर येईल ते तपासायचं. तिथून वर येणारे मासे बघवत नाहीत. डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेले, पोट उलटं होऊन तोंडात आलेलं. त्यातला एक लांब शेपटीचा, उंदरासारखा दिसणारा मासा मी कापला. जहाज डोलत होतं, नव्या बाटल्यांची पेटी आपटून फुटली होती. मी केबिनमधून माझं जुनं खोकं काढलं, बाटली समुद्राच्या पाण्यानं विसळली आणि माशाचं आतडं तिच्यात टाकलं.

जमिनीवर आल्यावर त्या बाटलीत काटेरी डोक्याचे तीन जंत सापडले. त्यांचं सगळं घराणं गोड्या पाण्यातलं, आणि हे तीन भाऊबंद समुद्राच्या तळाशी! जात नवीन होती, त्यात शंका नव्हती. मी तिला लॅटिनमध्ये ‘अगाध खोलातला’ अशा अर्थाचं नाव दिलं. लेख गाजला. गोड्या पाण्यातलं घराणं तळाशी कसं पोचलं यावर लोक वाद घालू लागले. मनात एकदा पाल चुकचुकली होती, कारण त्याच आतड्यातले बाकीचे जंत सुरकुतले होते आणि हे तिघं मात्र ताठ, टवटवीत, जुन्या मुरलेल्या नमुन्यांसारखे. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी इमारत बदलताना ते खोकं पुन्हा उघडलं. एका बाटलीच्या झाकणाखालच्या रबरात तसाच जंत चिकटून बसलेला होता. त्या खोक्यातली ती बाटली कधी जहाजावर उघडलेलीच नव्हती. तिच्यात मरळीखेरीज काही ठेवलेलं नव्हतं. मी झाकण लावलं आणि खोकं कपाटात मागं सारलं.

त्या वेळी वैशाली माझ्याकडं पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

साकोली ते एकोडी

साकोलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळची थंडी अंगात शिरत होती. आलूबोंडा आणि त्यावर ओतलेली लाल तर्री खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं. किनाऱ्यावर राहून जीभ नारळाला सोकावली आहे. शेजारी उकडलेले काळे शिंगाडे घेऊन एक बाई बसली होती. “घ्या ना जी, तलावातले ताजे हायेत,” म्हणाली. पुडी घेतली.

एकोडीच्या बसमध्ये पहिली फजिती झाली. माझ्या पिशवीत अल्कोहोलची बाटली होती, ती खड्ड्यात बस आदळली तशी सांडली. सगळ्या गाडीत वास. पुढची म्हातारी पदर नाकाला लावून मागं वळून बघू लागली. कंडक्टर आला, वास घेतला, आणि माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून हळहळला.

“काय जी काका, सकाळी सकाळी?”

“अहो, ही प्यायची नाही. माशांच्या जंतांसाठी आहे.”

“हो का,” तो म्हणाला. “आमच्या गावात बी एक जन जंतासाठीच पेते.”

गाडी हसली. मीही हसलो. पुढं कोणी माझ्याशेजारी बसलं नाही, म्हणून खिडकी पूर्ण मिळाली. धान निघून गेलं होतं. रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोरीची डाळ फुलली होती, निळसर, जमिनीला धरून. मध्येच एखाद्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, तिच्यावर मोहाची झाडं, पलीकडं पाण्याची चमक. पावसाचं पाणी अडवून धान पिकवायला जुन्या लोकांनी बांधलेले हे तलाव, गावागणिक एक तरी. काठानं बेशरमाची झुडपं दाटलेली.

वैशाली एकोडीला, तिच्या गावच्या स्टँडवर, आली होती. मी तिला शेवटचं पाहिलं ते आमच्या संशोधन संस्थेच्या फाटकाशी, दोन पिशव्या घेऊन रिक्षात बसताना. आता चेहरा भरलेला, केसांत एक पांढरी रेघ. “सर, तुम्ही खरंच आलात,” ती म्हणाली. तिनं वाकून नमस्कार केला, आणि मी मागं सरकलो. तिला वाटलं संकोच.

तिला मी निवडलं होतं तेही या गावामुळेच. मुलाखतीत ती म्हणाली होती, “माझे वडील तलावात मासे धरतात, सर, मी लहानपणापासून मासे चिरते.” मला साकोलीचा बाजार आठवला, आणि मी इतर कागद बघितलेच नाहीत. विषय दिला: खोल समुद्रातल्या माशांमध्ये माझा तो जंत पुन्हा शोधायचा, किती माशांत आहे, कोणत्या खोलीपर्यंत आहे ते मांडायचं. ती जहाजावर गेली. पहिल्या वेळी समुद्र लागून उलट्या करत मासे कापले. काही सापडलं नाही. पुन्हा गेली. तोवर मला झाकणाखालचा जंत दिसलेला होता. मी तिला तिसऱ्यांदा जाऊ दिलं.

शेवटी समितीपुढं तिचा सेमिनार झाला. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “जंत आहे हे तर सरांनी दाखवलंय. तुम्हाला सापडत नाही म्हणजे हाताचा दोष. आतडं उघडताना तुम्ही तो फाडत असाल.” तिनं माझ्याकडं पाहिलं. मी समोरचा कागद सरळ केला. त्या उन्हाळ्यात ती निघून गेली. आता लाखांदूरच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवते. पीएचडी नाही, म्हणून पक्की नोकरी नाही. दर सत्राला बोलावणं येईल की नाही याची वाट बघायची.

आणि मी आत्ताच का गेलो, हेही लिहायला हवं. मनानं उचल खाल्ली म्हणून नव्हे. परदेशातल्या एका संशोधिकेनं मूळ नमुन्याचा तुकडा डीएनए तपासायला मागितला होता. जंत कुठला ते आज ना उद्या बाहेर पडणारच होतं. तोवर आपणच जाऊन मरळीतून ताजा नमुना आणावा, असा हिशेबी विचार होता. फोनवर वैशालीला एवढंच म्हणालो, “तुमच्या तलावातले मासे बघायचेत.” तिनं कारण विचारलं नाही. इतकी खूश झाली होती.

तलावावर

तिच्या वडिलांचं नाव सुखदेव. बुटके, काळेभोर, खांद्यावर कायम ओला पंचा. “सर, पोट्टी तुमचंच नाव घेत राहते,” ते म्हणाले. “गावात एवढा मोठा मानूस येऊन राहिला म्हनून आज जाळं टाकाचं ठरवलं. नाही तं अजून आठ रोज थांबलो असतो.”

आदल्या दिवशी त्यांच्या आईनं, म्हणजे घरात सगळे जिला बुढी म्हणतात तिनं, मला विचारलं होतं, “समुद्र केवढा खोल असते?” मी सांगितलं. ती म्हणाली, “आन् तलाव कमरेइतका. तेवढ्यातच आमचं पोट भरते बापा.”

सकाळी पारीवर सगळी मंडळी जमली. पाणी ओसरलेलं, मधला भाग तेवढा कमरेइतका. माणसं दोन्ही बाजूंनी लांब जाळं धरून उतरली, एक जण डोंग्यात, लाकूड कोरून केलेल्या होडीत, उभा राहून बांबूनं पाणी बडवत होता. काठावरच्या बायकांचे शेरे चालू. “अरे मनिराम, जाळं धर, पोट नको धरू!” “पोट धरलं नाही तं बुडन ना मी,” पाण्यातून उत्तर. मी विजार गुडघ्यापर्यंत वर करून उतरलो, आणि पहिल्याच पावलाला चिखलात चप्पल हरवली. ती अजून तिथंच असेल.

आमच्या किनाऱ्यावर मासळी उतरली की बोली लागते, आरडाओरडा, बोटांच्या खुणा, मधले दलाल. इथं जाळं काठावर आलं तसा आवाज उलट कमी झाला. बायकांनी रोहू-कटला वेगळे केले, ते मच्छीमार सोसायटीच्या विक्रीला. उरलेली तलावाची मासोळी, म्हणजे मरळ, वाम, शिंगी, बारीकसारीक, पारीवर ढिगांनी मांडली. जेवढी घरं, तेवढे ढीग. एकात मरळ मोठी तर दुसऱ्यात बारीक मासोळी जास्त. तंतोतंत सारखे ढीग होऊच शकत नाहीत. मी विचारलं, “मग कोणता कोणाचा, हे कसं ठरतं?”

“आत्ता पाहा,” सुखदेव म्हणाले. “एक जन पाठ करून उभा राहते. मागून दुसरा ढिगाले काडी लावते आन् विचारते, हा कोनाचा? पाठमोरा मानूस नाव घेते. ज्याचं नाव घेतलं त्याचा.”

“आणि कोणाला कमी आलं तर?”

“तं आलं. ज्यानं नाव घेतलं त्यानं पाह्यलंच नाही ना. भांडाचं कोनाशी?”

मनिराम पाण्यातून बाहेर येत ओरडला, “आज पावन्याले उभं करा! त्याचा इथं सगा ना सोयरा.”

“अन् शिकेल मानूस हाय,” एक बाई म्हणाली, “मागं बी डोळे असतीन त्याले. पंचा बांधा डोळ्यावर.”

हसत हसत त्यांनी मला तलावाकडं तोंड करून उभं केलं. घराघरांची नावं सांगून पाठ करून घेतली. मागून काडी आपटल्याचा आवाज आला. “हा कोनाचा?”

“मनिराम.”

“हा कोनाचा?”

“गोपाळ.”

असं चाललं. मधेच एक नाव आठवेना. “मी हावो ना, मी! हरिदास! कोपऱ्यात उभा हावो मनून इसरले काय?” सगळे हसले. मी नाव घेतलं. समोर पाणी, पाठीमागं काय आहे ते मला दिसत नाही, आणि मी नावं देतो आहे. माझ्या उभ्या आयुष्यात मी नावं दिली ती पाहून, मोजून, चित्रं काढून. एका वेळी मात्र जे पाहायचं नव्हतं ते पाहिलं नाही, तरीही नाव दिलं. इथल्या माणसांना पाठ फिरवायला सांगतात ती कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून.

शेवटी काडी आपटली. उरलेलं नाव एकच होतं. “सुखदेव,” मी म्हणालो, आणि वळलो. त्या ढिगात सगळ्यांत मोठी मरळ होती, काळी, सापाच्या डोक्याची, अजून तोंड उघडझाप करत असलेली. “अरे वा, ज्याच्या घरी जेवते त्यालेच मरळ!” मनिराम म्हणाला. “पंचा बांधाले पाह्यजे होता.”

सपरीत

घराच्या पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, उन्हाच्या कवडशात मी माझं छोटं सूक्ष्मदर्शक मांडलं. आरशानं ऊन आत घेणारं, जुनं. मरळ चिरायला मी चाकू घेतला, तेवढ्यात वैशाली म्हणाली, “सर, मी करू?” मी चाकू दिला.

तिचा हात मी इतक्या वर्षांनी पाहत होतो. शेपटीकडून एक सरळ काप, मग बोटानं अलगद उचलून आतडं बाहेर, एकही जागा न फाटता. ताटलीत पाणी घेऊन आतडं उभं उघडलं. तिची आई चुलीपाशी मसाला भाजत होती. “अवं, ते आतडे कायले घेऊन बसली? कोंबड्याले टाक ना,” ती म्हणाली. वैशाली हसली. “आम्ही जन्मभर कोंबड्यांनाच टाकलं सर. आत कोण राहतं, कधी पाह्यलंच नाही.”

मग सुईनं काहीतरी उचललं, काचेवर ठेवलं, डोळा लावला. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मला दिसत होतं की ती मोजते आहे. ओठ हलत होते. जंताच्या डोक्यावर बारीक हुकांची वलयं, मानेवर काट्यांची पट्टी, मग मोकळी जागा, मग पुन्हा काटे. माझ्या लेखातलं चित्र तिनं जहाजाच्या केबिनमध्ये उशाशी चिकटवलेलं होतं.

“सर,” ती म्हणाली, “हा तोच आहे.”

मी डोळा लावला. तोच होता.

मला वाटलं होतं आता ती माझ्याकडं वळून विचारेल. ती वळली खरी, पण चेहरा उजळलेला. “म्हणजे तो इथं पण आहे! सर, आपलं पाणी जातं कुठं? तलावातून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत. वैनगंगा पुढं गोदावरीला. गोदावरी बंगालच्या उपसागरात. आणि तुमचं जहाज तिथंच होतं! तो इथून गेला असेल, सर. हजारो वर्षांत. मासे बदलत बदलत खाली गेला असेल. म्हणून मला सापडला नाही, मी चुकीच्या टोकाकडून शोधत होते!”

सुंदर कल्पना होती. मी आयुष्यात ऐकलेल्या चांगल्या कल्पनांपैकी एक. आणि तिच्यात माझी सुटका होती. मी फक्त हो म्हणायचं. तिला विषय मिळाला असता, तिची पीएचडी झाली असती, माझं नाव शाबूत राहिलं असतं. परदेशातल्या बाईंनी तपासणी केली असती तरी जंत गोड्या पाण्यातला निघाला असता, आणि आमच्याकडं नदीची गोष्ट तयार.

मी मान हलवली. हो, अशी.

तिनं वडिलांना हाक मारली. “बाबुजी, सापडला! सरांचा जंत आपल्या तलावात सापडला!” सुखदेव हात पुसत आले, सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, त्यांना स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसलं नसणार. तरी म्हणाले, “बापा! गजब हाय.” मग शेजारी सांगायला गेले.

जेवायला त्याच मरळीचा रस्सा होता. नारळ नाही. भाजलेला कांदा, धने, आणि आंबटपणाला वाळवलेल्या कैरीच्या फोडी. सोबत नव्या तांदळाचा मऊ भात. आमच्याकडच्या रश्शाला समुद्राचा वास असतो, याला मातीचा होता, आणि तो मला आवडला. वैशालीच्या आईनं मला डोक्याकडचा तुकडा वाढला. “खा ना जी, लाजता काहून? तुमच्यामुळंच पोरगी आज एवढी बोलून राहिली. आली तवापासून अशी बोलली नाही.”

घास तोंडात होता, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

लाखांदूरची बस

दुसऱ्या दिवशी वैशालीचे तास होते. मीही तिच्यासोबत निघालो, लाखांदूर पाहून पुढं वडसा, तिथून गाडी, असं सांगून. साकोलीला बस बदलली. कंडक्टर नेमका तोच. “काय काका, आज जंत उपाशी?” म्हणाला. वैशालीला कळेना, मी तिला सांडलेल्या बाटलीचा किस्सा सांगितला. ती मोकळी हसली. तिला तसं हसताना मी संस्थेत एकदाही पाहिलं नव्हतं.

बस जुनी होती, तावदानं खडखडत होती. वैशालीनं पर्समधून कागद काढला. सकाळी उठून तिनं आराखडा केला होता: कोणते तलाव, वैनगंगेवर कुठं कुठं मासे घ्यायचे, मुखापर्यंत कसं जायचं. “पुन्हा नोंदणी करता येईल ना, सर? वय आडवं येईल का? तुम्ही असाल तर ते घेतील.”

बाहेर लाखोरीची निळी फुलं मागं पळत होती. मी म्हणालो, “तो समुद्रात नाहीये.”

“काय?”

“तो समुद्रात कधी नव्हता.”

“ऐकू येत नाही सर, हा पत्रा वाजून राहिला.”

मग मला ते ओरडून सांगावं लागलं. “समुद्रात तो नव्हताच! माझी बाटली घाण होती! साकोलीच्या मरळीतला जंत तिच्यात राहिला होता!”

पुढच्या दोन बाकांवरची माणसं वळली. कंडक्टर तिकिटं मोजायचा थांबला. वैशालीनं कागद मांडीवर ठेवला. घडी घातली नाही, फाडला नाही. त्यावर हात पालथा ठेवून बसली. मग तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत विचारलं.

“तुमाले कधी समजलं?”

“तू दुसऱ्या वर्षाला होतीस.”

“म्हनजे सेमिनारच्या आधी.”

“हो.”

“तिसऱ्या जहाजाच्या आधी?”

“हो.”

“अन् काल मान काहून हलवली?”

याला आजही सभ्य उत्तर नाही. मी म्हणालो, “सोपं होतं.”

ती खिडकीबाहेर बघत बसली. एका थांब्यावर धानाची पोती चढली, कंडक्टर पोत्यांच्या भाड्यावरून शेतकऱ्याशी भांडला, बस निघाली. मी माफी मागायला सुरुवात केली. लेख दुरुस्त करतो, तुझं नाव आधी घालतो, या तलावातल्या जंताचं काम तुझंच, जिथं म्हणशील तिथं पत्र देतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“नाव बदलंन त्याचं?” तिनं विचारलं.

“नाही. नियम तसा आहे. एकदा रीतसर दिलेलं नाव, चुकीचं ठरलं तरी राहतं. ठिकाण दुरुस्त होतं, नाव नाही.”

“म्हनजे आमच्या कमरेइतक्या पान्यातल्या जंताचं नाव अगाध खोलातला.” तिच्या तोंडावर एक क्षण हसू आलं, मग ते गेलं. “बाबुजींनी काल गावभर सांगितलं सर. की पोरीनं शोधला.”

“तूच शोधलास. ते खोटं नाही.”

“ते तुमी नका सांगू मले.”

लाखांदूरचा स्टँड आला. शाळेची मुलं, पानठेले, भिंतीवर नाटकाची भडक पोस्टरं. ती उतरली, मी मागोमाग. तिचा तास पंधरावीस मिनिटांवर होता. तिनं पदर सावरला, पर्स खांद्यावर टाकली, आणि पुन्हा संस्थेतली नेटकी मराठी बोलली. मला बोलीतले प्रश्न सोपे गेले होते, हे तेव्हा कळलं.

“सर, मी घरी येऊन कितीतरी दिवस मासा हातात घेतला नाही. आई म्हणायची, तुले मासोळी चिरता येत नाही काय आता? मला खरंच वाटायचं, येत नाही. माझा हात खराब आहे. मी मुलांना प्रात्यक्षिक शिकवते ना, तेव्हाही चाकू त्यांच्याच हातात देते.” मग म्हणाली, “तुम्ही लेख लिहाल, तो तुमचे लोक वाचतील. सेमिनारच्या खोलीत जे बोलला नाहीत, ते त्याच खोलीत बोला. त्या माणसांसमोर. की वैशालीचा हात चुकला नव्हता. लिहून नको. तोंडानं.”

“बोलतो.”

“काल पण मान हलवली होती तुम्ही,” ती म्हणाली, आणि कॉलेजच्या रस्त्यानं निघाली.

मी स्टँडवर बसून शिंगाडे सोलत राहिलो. पुडी तशीच पिशवीत राहिली होती. वडशाची बस लागली तेव्हा नखं काळी झाली होती.

परत येऊन महिना उलटून गेला आहे. परदेशातल्या बाईंना खरं कळवलं. दुरुस्तीचा लेख पाठवला, त्यात ठिकाण एकोडीचा तलाव, यजमान मरळ, आणि शोधणारी म्हणून वैशालीचं नाव आधी आहे. मसुदा तिला पाठवला होता. तिनं काट्यांच्या मोजणीतली माझी एक चूक दुरुस्त करून परत पाठवला, बाकी एक अक्षर लिहिलं नाही. समितीतले ते ज्येष्ठ गृहस्थ निवृत्त झालेत, पण याच शहरात राहतात, फिरायला जाताना दिसतात. उरलेले सगळे संस्थेतच आहेत, लांब टेबलाची खोली माझ्या खोलीपासून एक जिना खाली. मी दोनदा त्यांना एकत्र बोलवायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा दुसरं काम काढलं.

वैशालीचा हात चुकला नव्हता, हे मी इथं लिहिलं आहे. त्या खोलीत, त्या माणसांसमोर, तोंडानं अजून बोललेलो नाही. तेवढं मी तिला देणं लागतो.